ओवाळणीतला शनी

राजापेठ, अमरावती
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस, दुपार (दुकानात गिऱ्हाईक नाही)

तीर्थरूप अक्का,

धाकट्या वामनचा, गुडघा धरून का होईना, पण पुरता वाकून नमस्कार. बाळापूरला तुम्ही दोघं खुशाल असाल असं धरून चालतो. तुझा डावा गुडघा माझ्या उजव्याशी अजून बरोबरीत आहे की पुढं गेला, तेवढं कळव. भाऊजींचा खोकला थांबला का? (थांबला नसला तरी थांबला असंच कळव. नाहीतर माणिक पुन्हा अडुळशाचा काढा बाटलीत भरून एसटीनं पाठवेल. मागची बाटली मूर्तिजापूरच्या अलीकडं फुटली आणि कंडक्टर अजून मला पाहून तोंड फिरवतो.) आमच्याकडं सगळे ठीक. माणिक ठीक, म्हणजे बोलते आहे. ती बोलायची थांबली की मी डॉक्टरांना फोन करेन, असं तिलाही सांगून ठेवलं आहे.

फोन सोडून हा पत्र काहून लिहून राहिला, असं तुझ्या मनात आलंच असेल. तुमच्याकडं फोन भाऊजी उचलतात आणि उचलला की स्पीकर लावतात. मग तुमच्या ओट्यावर बसलेली चार माणसंही आपल्या बोलण्यात सल्ला द्यायला लागतात. आजचा मजकूर तर थेट भाऊजींच्या राशीशी निगडित आहे. तेव्हा ते शेतात गेले की चष्मा लावून, दार लोटून, निवांत वाच. विषय शनीचा आहे, म्हणून देवघराच्या जवळपास बसलीस तर बरं.

तू म्हणशील, मला सगळं ठाऊक आहे. पण तुला ठाऊक आहे ते तुझ्या बाजूचं. माझ्या बाजूनं काय काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं नाही, आणि माणिकनं सांगितलं असेल तर ते धरू नकोस. राखीला तू आलीस तेव्हा आमच्या गच्चीवर ती लांबलचक दुर्बीण पाहिलीस. दुकानावरच्या मजल्यावर सहदेव सरांचा विज्ञानाचा क्लास होता, तो त्यांनी बंद केला आणि पुण्याला लेकाकडं गेले. जाताना ती मला देऊन गेले. (बाकी सामान शेजाऱ्यांनी नेलं होतं. उरलं ते मला मिळालं, हे माणिकचं म्हणणं. सरांनी माझ्यातली जिज्ञासा ओळखली, हे माझं.) तू पदर खोचून तिच्याभोवती एक फेरी मारलीस आणि विचारलंस, "यातून शनी दिसते का रे?" मी म्हणालो, दिसतो, कड्यासकट दिसतो. तेव्हा तू जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. "ह्यांच्या साडेसातीत दर शनवारी तेल वाह्यलं मी त्याले. पान्यापावसात गेली. पण त्याच्या समोर उभं राहू देत नाईत, नजर लागते म्हंतात. बाजूनं तेल घाला, बाजूनं निघा. एवढ्या वर्साची वळख हाय आमची, आन मी त्याचं तोंड नाई पाह्यलं. एकदा पाहाचं हाय मले." मी तिथल्या तिथं शब्द दिला की यंदाच्या भाऊबीजेला ओवाळणी हीच. साडी बिडी काही नाही, शनी. नजरेची तुझी धास्तीही मी काढली, कारण ही दुर्बीण सरळ समोरून पाहायची नसतेच. खाली आरसा असतो आणि डोळा लावायची जागा नळीच्या बाजूला असते. म्हणजे बाजूनं उभं राहून, आरशातून, चोरून पाहायचं. तू म्हणालीस, मग तर मंदिराच्या कायद्यातही बसते.

शब्द दिला आणि तिथून माझे दिवस फिरले. पहिली गोष्ट, शनी सापडेना. तू हसशील, पण कारण सांगतो. भादव्यात मी दर शनिवारी गच्चीवर जात होतो. सोमवार ते शुक्रवार आकाश कसं पुसून ठेवल्यासारखं असायचं, मी खाली बसून माळा ओवायचो. शनिवार आला की वर जायचो, आणि नेमके शनिवारी ढग. सारे शनिवार असेच गेले. मी माणिकपाशी गाऱ्हाणं केलं की हा देव मोठा खट आहे, आपल्या वाराला बरोबर तोंड लपवतो. ती गव्हातले खडे वेचत होती. तिनं मान वर केली नाही. "मंग सूर्य का रविवारीच निघते?" एवढंच म्हणाली. अक्का, मी त्या वेळी तिला काहीतरी उत्तर दिलं, पण ते आता आठवत नाही, म्हणजे चांगलं नसणार. शनी रोज असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारावं असंही कधी वाटलं नव्हतं. सहदेव सरांना फोन केला तर त्यांनी मला प्रश्न पुन्हा एकदा विचारायला लावला. मग म्हणाले, "वामनराव, आठवड्यातून कोणत्याही दिवशी पाहा. रात्री पाहिलं म्हणजे झालं."

आता रात्रीचं घे. फुलांच्या धंद्यातल्या माणसानं आकाशाचा नाद करू नये. देवाला ताजं फूल लागतं आणि देव पहाटे उठतो, त्यामुळं मला देवाच्याही आधी उठावं लागतं. अंजनगावहून शेषरावच्या मळ्यातला झेंडू घेऊन गाडी येते तेव्हा राजापेठेतली कुत्रीसुद्धा झोपेत असतात. (शेषराव म्हणजे आपल्या मोठ्या काकांचा. तुला कशाला सांगतो म्हणा, त्याचं नाक तूच पुसलं आहेस.) मग दिवसभर हार, वेण्या, गजरे, तोरणं. दिवे लागले की लोकांचा दिवस उतरणीला लागतो, माझा तर तोवर आडवा झालेला असतो. आणि यंदा शनी दिसायचे दिवस कोणते, तर गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, दसरा, दिवाळी. म्हणजे ज्या दिवसांत माझी पाठ मला सांगत असते की वामन, मी आता तुझी नाही, नेमके तेच. वर ढगही त्याच दिवसांत. यंदाचा पाऊस परत जायचं म्हणून निघाला आणि पाहुण्यासारखा दारात उभा राहून गप्पा मारत बसला. मी दमून वर जायचो, तर ढग. एखाद दिवशी ढग नसले, तर मी खाली घोरत असायचो. दोघांची गाठ पडेल ती रात्र येईना.

झोपेवर उपाय म्हणून मी खुशालरावला विचारलं. (आपल्या दुकानाला लागून त्याचा पानठेला आहे. तो सगळ्यावर उपाय सांगतो. स्वतःच्या पोटदुखीचा तेवढा अजून सापडलेला नाही.) तो म्हणाला, "झोप आली का जिभीवर ठेचा ठेवा. झोपच काय, झोपेची मायही उभी राह्यत नाई." मी एका वाटीत ठेचा घेऊन वर गेलो. झोप आली की बोटभर घ्यायचो. उपाय लागू पडला, ही गोष्ट मी नाकारत नाही. पण त्याच बोटानं मी डोळा चोळला. त्यानंतर अक्का, मला जे आकाश दिसलं ते सहदेव सरांनीही पाहिलं नसेल. प्रत्येक चांदणीला कडं. समोरच्या रस्त्यावरच्या दिव्याला तीन कडी. मी ओरडून माणिकला हाक मारली की सापडला, सापडला, एक सोडून दहा सापडले. ती आली, माझ्याकडं पाहिलं, आणि माझं डोकं धरून गच्चीवरच्या नळाखाली दिलं. वर म्हणाली की अक्काजींना हेच दाखवायचं असेल तर खाली स्वयंपाकघरातच दाखवू. दुसरे दिवशी डोळे एवढे सुजले होते की एका गिऱ्हाइकानं मला विचारलं, घरात कोणी वारलं का. हार घ्यायला आलेला माणूस तो, मी नाही म्हटलं तर थोडा हिरमुसला.

दुसरा ताप वेगळाच झाला. रोज संध्याकाळी एक माणूस गच्चीवर उभा राहून वर पाहतो म्हटल्यावर लोक गप्प बसतात होय? आधी गल्लीतल्या बायका विचारू लागल्या, वामनभाऊ, पापड वाळत घालू का. मी पाहून सांगायचो, घालू नका. पाऊस यायचाच. मी रोज "ढग आहे" म्हणायचो आणि यंदा रोज ढग होताच, त्यामुळं माझा शब्द खरा ठरत गेला. पंधरवड्यात माझं नाव अंजनगावपर्यंत पोचलं. शेषरावनं फोन करून विचारलं, "वामनदादा, सोयाबीन पसरू का?" त्या दिवशी मी मनानं फार थकलो होतो. वर पाहिलं, पश्चिमेला जरा उघडीप दिसली, आणि मला आज शनी दिसावा असं इतकं वाटत होतं की मी म्हणालो, पसर, आज एकदम मोकळं. अक्का, माणूस स्वतःला पाहिजे तसं आकाश दुसऱ्याला सांगतो, हे मी तेव्हा शिकलो. रात्री जे काही कोसळलं ते काय सांगू. शेषरावनं आणि त्याच्या पोरांनी अर्ध्या रात्री भिजत सोयाबीन गोळा केलं. तो माझ्याशी चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी बोलला, पण झेंडूपुरतंच. तेव्हापासून मी कुणालाही काही सांगत नाही. कुणी विचारलंच तर म्हणतो, मी वर पाहतो ते मान आखडली म्हणून.

एवढं होऊनही मी सोडलं नाही, हे तुला कळावं म्हणून हा सगळा पाढा वाचला. मला माणिकनं एकदा विचारलं की एवढा जीव थकतो तर राहू द्या ना, अक्काजी काय रागावणार आहेत का. रागावणार नाहीस, हे मलाही ठाऊक आहे. पण अंजनगावला आपण फुलं तोडायला पहाटे उठायचो तेव्हा माझ्या वाट्याच्या ओळी तू तोडायचीस आणि मला बांधावर पोत्यावर झोपू द्यायचीस. बापाला सांगायचीस, त्याचं झालं बाबा, म्हणून निजला. कितीतरी वर्षं तोडल्यास. त्या बदल्यात तू माझ्याकडं कधी काही मागितलं नाहीस. साडी आणली तर म्हणायचीस कशाला आणली, पातळ आणलं तर म्हणायचीस हे माणिकला दे. आयुष्यात पहिल्यांदा तू तोंडानं काहीतरी मागितलंस, आणि ते मागितलंस तेही आकाशातलं. मग मी झोपून कसं चालेल? म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला. ढग असो, पाऊस असो, पाठ असो नसो, जेवण झालं की एकदा वर जायचं, मान वर करायची आणि खाली यायचं. दिसलं तर दिसलं. दुकानाचंही तसंच आहे, गिऱ्हाईक येणार नाही म्हणून कुणी शटर खाली ठेवत नाही. (हे वाक्य खुशालरावला आवडलं. त्यानं ठेल्यावर लिहून लावतो म्हटलं आहे.)

मग भाऊबीज आली. तू आलीस. दिवाळीची दगदग उतरलेली नव्हती, माझ्या हाताच्या बोटांना झेंडूचा रंग तसाच होता. तू पाटावर बसवून ओवाळलंस आणि मी ताटात दुर्बिणीचं झाकण ठेवलं, म्हणालो की हे इसार समज, बाकीचं गच्चीवर. तू म्हणालीस, "झाकण तं भेटलं, डबा कुठं हाय?" घर हसलं. मीही हसलो, पण आत धाकधूक होती, कारण दुपारपासून ढग जमून आले होते. पहिल्या रात्री आपण तिघं वर जाऊन ढग पाहून आलो. दुसऱ्या रात्री पाऊसच होता. माणिकनं तिची जुनी साडी दुर्बिणीला गुंडाळली तेव्हा तू म्हणालीस, वामन, ओवाळणीची साडी त्या दुर्बिणीलाच भेटली. तू बोललीस ते हसण्यावारी होतं, पण मला रात्रभर लागून राहिलं.

तिसरा दिवस शनिवार होता. मी काही बोललो नाही, पण मनात जुनी आशा होती. दिवसभर दुकानात मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं कमी आणि वर जास्त पाहिलं. रात्री जेवलो आणि तुम्हाला सांगितलं, तुम्ही खाली आपल्या गप्पा करा, मी वर पहारा देतो, ढग हटले की हाक मारतो. खुर्ची टाकली, दुर्बीण समोरच्या पाण्याच्या टाकीच्या वर रोखून ठेवली, कारण सरांनी सांगितलं होतं की त्या सुमारास तो तिथंच असतो. आणि मी बसलो. अक्का, मी झोपलो नाही. माणिक काहीही सांगो, मी फक्त डोळे मिटून आकाशाचा विचार करत होतो. तो विचार बराच लांबला, एवढं मात्र मान्य. उठलो तेव्हा अंगावर गोधडी होती आणि ढग जसेच्या तसे. तुम्ही दोघी खाली गाढ झोपलेल्या. म्हणजे रात्रभर उघडलंच नाही. उघडलं असतं तर मला जाग आली नसती का?

रविवारी सकाळी तुला एसटीत बसवलं. तू खिडकीतून माझ्या गालावरून हात फिरवलास, लहानपणी फिरवायचीस तसा, आणि म्हणालीस, "वामन, यंदाची भाऊबीज लय चांगली झाली रे." गाडी हलली आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं. (या वेळी ठेचा नव्हता.) माणसं उगाच समजूत काढतात तेव्हा जेवढं लागतं तेवढं रागावल्यानंही लागत नाही. तू रिकाम्या हातानं गेलीस आणि वर चांगली झाली म्हणून गेलीस.

आणि ऐक. त्याच संध्याकाळी आकाश असं उघडलं की टाकीवरचं अक्षर न् अक्षर वाचता यावं. मी दुर्बीण रोखली. सापडला, पहिल्या झटक्यात सापडला. पण अक्का, कडं नव्हतं. पुस्तकात, दिनदर्शिकेवर, सगळीकडं शनीला ते रुंद कडं असतं ना, टोपीच्या काठासारखं, ते नव्हतंच. एक पिवळसर गोळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघ. आमच्या दुकानात पोरी हार ओवतात तेव्हा लांब सुईत एकच झेंडू अडकवून ठेवतात, हुबेहूब तसा. मला वाटलं दुर्बीण बिघडली, मग वाटलं डोळा बिघडला, मग वाटलं मी भलताच कुणीतरी पकडला आहे. पुण्याला सरांना फोन लावला. ते जेवत होते. त्यांनी मला ताट घ्यायला सांगितलं. मी रिकामं ताट आणलं. म्हणाले, डोळ्यासमोर आडवं धरा, एकदम कडेनं. काय दिसतं? मी म्हणालो, रेघ. म्हणाले, चौदा-पंधरा वर्षांनी एकदा त्याचं कडं आपल्याला असं कडेनं दिसतं, आणि यंदा नेमकं तेच वर्ष आहे. हळूहळू पुन्हा उघडेल, पण त्याला काही वर्षं लागतील. मी ताट हातात धरून गच्चीवर किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. माणिकला बोलावून दाखवलं. तिनं डोळा लावला आणि म्हणाली, "अय्या, खरंच की." तिला फार आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, पण तिचं तसंच आहे.

तर आता माझी अडचण तुझ्या लक्षात आली असेल. शब्द दिला होता कड्याचा आणि यंदा देवानं कडं आवरून ठेवलं आहे. पूर्ण कडं पाहायचं तर थांबावं लागेल, आणि आपण दोघं गुडघ्यांच्या भरवशावर किती थांबणार? मला वाटतं जसा आहे तसा पाहून घ्यावा. तुझी त्याची ओळख घरची आहे, एखाद वर्षी तो दागिना न घालता भेटला तर तू काही वाईट वाटून घेणार नाहीस.

भाऊजींना माझा नमस्कार सांग, कारण न सांगता. पत्र वाचून झालं की चुलीत घाल. (तुमच्याकडं गॅस आहे, तेव्हा फाडून टाक.)

तुझाच,
वामन

ता. क. मुद्द्याचं लिहायचं राहिलं. कार्तिक संपण्याआधी चार दिवस राहायला ये. मार्गशीर्ष लागला की गुरुवारच्या पूजा सुरू होतात आणि मग फुलवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. भाऊजींना सांग की माणिकचा हात मुरगळला आहे. मी माणिकला तसं सांगून ठेवतो.

आणखी ता. क. माणिक म्हणते हात मुरगळला नको, कंबर लचकली म्हणा, कारण हाताचं तू घरी आल्यावर तिला पोळ्या लाटताना पाहशील आणि भाऊजींना खरं सांगून टाकशील. तुझ्या स्वभावाची सगळ्यांना फार काळजी आहे.

शेवटचं ता. क. या वेळी ढग आले तरी हरकत नाही. तू नुसती ये.

अक्काजी,

नमस्कार. मी माणिक. ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं आणि खुर्चीतच मान टाकून झोपले, म्हणून खालच्या मोकळ्या जागेत चार ओळी लिहिते.

आपण दोघींनी ठरवलं होतं तसं मी अजून तोंड उघडलेलं नाही. शनिवारी आपण गोधडी घेऊन वर गेलो आणि ढग फाटला, हे ह्यांना अजिबात ठाऊक नाही. मी दुर्बीण फिरवू शकले ती माझी हुशारी नाही. हे दुकानात असले की मी तिच्यातून टाकीवरची कबुतरं पाहते. उलटी दिसतात, पण मजा येते. तो सुईतल्या झेंडूसारखा दिसला तेव्हा तुम्ही आधी पदर डोक्यावर घेतला आणि मग म्हणालात, "एवढासाच हाय का हा? याच्यासाठी मी तेलाचे डब्बे रिकामे केले?" मला हसू आवरेना. मग तुम्ही मागं वळून ह्यांच्याकडं पाहिलं. हे तोंड उघडं टाकून घोरत होते. मी हाक मारणार तर तुम्ही माझा हात धरला. "झोपू दे त्याले. सकायी कळलं का आपुन निजलो आन अक्कानं पाह्यलं, तं त्याले लय लागन." खाली येऊन तुम्ही चहा मागितला आणि तो हातातच गार होऊ दिलात. तुमच्या डोळ्यात काय होतं ते मी पाहिलं, पण विचारलं नाही.

शनी दिसला तो नेमका शनिवारीच, हे मात्र ह्यांना कधीच सांगू नका. पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू होईल.

माझी एवढीच विनंती आहे की तुम्ही या. आल्यावर पहिल्यांदाच पाहताय असं पाहा, आणि "एवढासाच" म्हणू नका. ह्यांना जाग राहील अशी व्यवस्था मी करते. ठेचा लपवून ठेवला आहे, पण मी शेजारी बसेन आणि बोलत राहीन.

ह्यांना वाटतं तुम्ही रिकाम्या हातानं गेलात. तुम्हाला ओवाळणी मिळाली आहे हे आपल्या दोघींना ठाऊक आहे. पण ह्यांची ती द्यायची राहिली आहे, अक्काजी. तेवढ्यासाठी या.